कावेरीकाठची साकी

तमिळनाडूतील हरिकथाकाराच्या हातात जी लाकडी टाळी असते, तिला तिकडे ‘चिपळाकट्टै’ म्हणतात. कट्टै म्हणजे लाकूड. उरलेला अर्धा शब्द मात्र आपल्या चिपळ्यांचा आहे. कथेच्या संहितेला तेथे ‘निरूपण’ हेच नाव आहे, आणि कथा रंगात आली म्हणजे गायक ज्या छंदांकडे वळतो त्यांची नावे साकी, दिंडी, ओवी आणि अभंग अशी आहेत. ऐकणारे तमिळ, गाणारा तमिळ, बहुधा शब्दही तमिळ. चाल तेवढी देशावरची.

हा ठेवा तेथे कसा पोहोचला, ते सर्वपरिचितच आहे. इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि १८५५ साली कंपनीने ते खालसा करीपर्यंत भोसल्यांची गादी तेथे नांदली. राजांच्या पाठोपाठ कारकून, शिलेदार, शास्त्री आले, तसे रामदासी गोसावीही आले. मठ उभे राहिले. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. तो शिलालेख आजही शाबूत आहे. पण देवळात येणाऱ्या हजारोंपैकी तो वाचणारे किती निघतील? दगडाला जे साधले नाही ते चिपळ्यांना साधले.

राज्य गेले आणि मराठी कीर्तनाचा खरा विस्तार त्यानंतर झाला, ही यातील नवलाची गोष्ट. १८६० नंतरच्या दशकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरास आले. चातुर्मासात त्यांची कीर्तने होत. श्रोत्यांत कृष्ण भागवतर हा एक तमिळ तरुण होता. कर्नाटक संगीतात त्याचा कान तयार होता. बुवांच्या कीर्तनाने त्याला नवी दिशा दिली. त्याने मराठी आख्यानाचा घाट घेतला, आरंभीची पंचपदी घेतली, छंद घेतले, आणि त्यांत त्यागराजांची पदे, मृदंगाची साथ व तमिळ निवेदन यांची भर घातली. आज जिला हरिकथा म्हणतात ती या मिश्रणातून घडली. पुढे तिरुप्पळनमचे पंचापकेश शास्त्री, सूलमंगलमचे वैद्यनाथ भागवतर, मांगुडीचे चिदंबर भागवतर अशी मंडळी निघाली. यांच्या नावांआधी त्रिभुज प्रदेशातील खेडी जोडलेली आहेत, आणि यांपैकी कोणाचीही मातृभाषा मराठी नव्हती. १८९२ साली जन्मलेल्या सी. सरस्वतीबाईंना तर स्त्रीने उभे राहून कथा करावी की नाही, या प्रश्नावर पुरुष भागवतरांचा कडवा विरोध सोसावा लागला. त्या हटल्या नाहीत.

अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात याच्या उलट घडले. १७५५ पासून इंग्रजांनी अकादीतून हाकलून दिलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांपैकी अनेकांचे वंशज, ज्यांना काजून म्हणतात, ते तेथे वसले. १९२१ च्या प्रांतिक घटनेने शाळांतून इंग्रजीखेरीज अन्य माध्यम बंद केले आणि घरची फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना मार बसू लागला. १९६४ साली ड्यूई बाल्फा हा गिटार घेऊन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आला, आणि मग आपल्याच लोकांना आपल्या गाण्याची किंमत पटवीत शाळाशाळांतून हिंडला. तेथे घरच्यांनीच घरचे राखले. तंजावरात राखणदार परके होते.

परक्याने राखले म्हणजे काही झीज होणारच. कुंभकोणम्‌जवळच्या मरुदानल्लूरच्या सद्‌गुरुस्वामींनी ज्या भजनपद्धतीला शिस्त लावली, तिच्या मेळ्यांत अभंग आवर्जून म्हटले जातात. ती पदे मंडळींपुढे असतात ती तमिळ लिपीत. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर! म्हणून छापणारे अक्षराच्या खांद्यावर बारीक दोन, तीन, चार असे आकडे बसवितात. गाणाऱ्याने आकडा पाहून ‘घ’ ओळखावयाचा. द्रुत लयीत तो कुठला आकडे पाहतो? महाप्राण गळून पडतात, ‘चांगला’मधला आपला मवाळ ‘च’ टणक होतो. ‘ळ’ मात्र असा स्वच्छ उमटतो की पुण्याच्या माणसाने ऐकत राहावे. तो वर्ण त्यांच्याही घरचा आहे.

तंजावरी मराठी घरांतली बोलीही आता आखडत चालली आहे. शिक्षण तमिळ-इंग्रजीत, नोकऱ्या चेन्नई-बंगळूरला. सरस्वती महालातील सुमारे तीन हजार मराठी पोथ्या उकलू शकणारी माणसे त्या घरांतही थोडी. तिकडे गोविंदपुरम् येथे २०११ साली विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य देऊळ उभे राहिले, आणि तेथे दर एकादशीला गर्दी लोटते ती तमिळ भाविकांची. झांजा वाजू लागतात, पुढचा गायक ओळ सोडतो, मागचे उचलतात. एखादा बालक आजोबांच्या मांडीवरील पुस्तकात बोट ठेवून अक्षरावरचा चारचा आकडा हळूच दाखवितो, आणि आजोबा पुढच्या आवर्तनाला ‘घ’ नीट म्हणतात.