ॲडमिरलची लेक सिंदीच्या गल्लीत

आज डॉक्टर होऊन इथून निघणाऱ्या मुलामुलींनो,

वर्ध्यात भाषणाला उभं राहिलं की गांधीजींचं नाव घ्यावंच लागतं, आणि ते ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. म्हणून आज मी त्यांच्या सावलीत राहिलेल्या एका बाईंविषयी बोलणार आहे. मॅडलिन स्लेड, म्हणजे आपल्या मीराबेन.

जन्म १८९२चा, इंग्लंडमधल्या उच्चकुलीन घरातला. वडील सर एडमंड स्लेड ब्रिटिश आरमारात ॲडमिरल. त्यांची नेमणूक मुंबईला होती तेव्हा ही मुलगीही काही काळ तिथे राहिली. साहेबी मेजवान्यांत तिचा जीव रमला नाही, आणि त्यापलीकडचा हिंदुस्थान तिला फारसा दिसलाही नाही. तिचं सगळं लक्ष पियानोत आणि बेथोव्हनच्या संगीतात. बेथोव्हनच्याच ओढीनं ती त्याचं चरित्र लिहिणारे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटली आणि त्यांच्याकडून गांधी हे नाव तिच्यापर्यंत पोचलं. त्यांचं गांधींवरचं पुस्तक वाचून तिनं बोटीचं तिकीट काढलं.

मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. ते तिकीट तिनं रद्द केलं. आपण अजून तयार नाही, हे तिला उमगलं. मग सुमारे वर्षभर ती शिकत राहिली. सूत काढणं, जमिनीवर मांडी घालून बसणं, जमिनीवर झोपणं, मांस-मद्य सोडणं, थोडंफार उर्दू. तेहतिसाव्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९२५ रोजी, ती गांधींच्या साबरमती आश्रमात पोचली. सेवाभावाचं कौतुक आपण पुष्कळ करतो, पूर्वतयारीचं करत नाही. साडेपाच वर्षं रात्री जागवलेल्या तुम्हाला हे निराळं सांगायला नको.

१९३४नंतर गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला हलला. तिथल्या त्यांच्या मगनवाडी आश्रमाजवळच सिंदी हे गाव. तिथे लोक रस्त्याकडेलाच शौचाला बसत. मीराबेन, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि इतर मंडळी बादल्या घेऊन ती घाण उचलायला जात. गावानं त्यांच्या गळ्यात हार घातले, असं समजू नका. सफाई करणारी माणसं आयती मिळाली म्हटल्यावर काहींना सवय बदलायचं कारणच उरलं नाही. मीराबेन मग शेगावला राहायला गेल्या. गांधीजींचे अनुयायी जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतलं हे गाव. १९४० साली त्याचं नाव सेवाग्राम झालं. ३० एप्रिल १९३६ला गांधीजीही तिथे आले. हिवतापानं त्या वर्षी त्यांनाही सोडलं नाही. मीराबेनही आजारी पडल्या. आज प्रवासी जिच्यापुढे चपला काढतात ती बापूकुटी मुळात मीराबेनची झोपडी. मातीच्या भिंतीवरची उठावातली ताडाची झाडं त्यांच्याच हातची.

त्यांची मूर्ती करून देव्हाऱ्यात बसवू नये. गांधीजींच्या सहवासाची त्यांची ओढ अनावर होती. गांधीजी त्यांना पुन्हा पुन्हा लांब कामाला धाडत आणि त्या व्याकूळ होत. दोघांचा पत्रव्यवहार वाचताना जीव गुदमरतो. पण रडतडत का होईना, त्या कामाला जात, हे मला जास्त माणसासारखं वाटतं.

इथे मला आणखी एका माणसाची आठवण होते. सर क्लुथा मॅकेन्झी. न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचा मुलगा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत त्याचे डोळे गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो हिंदुस्थानात आला. युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डेहराडूनला केंद्र उभं राहिलं, ते त्यानं चालवलं. पुढे भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरवण्यातही त्याचा वाटा होता. आपल्या मराठीचं ब्रेल त्याच भारती ब्रेलमध्ये येतं. मॅकेन्झीला अंधत्व अंगावर पडून कळलं होतं. मीराबेनना सिंदीचं दुःख कळायला तसं काही कारण नव्हतं. त्यांना ते तिथे जाऊन, राहून शिकावं लागलं. तुमच्यापैकी बहुतेकांची गत त्यांच्यासारखीच आहे.

अंधत्वाचंच उदाहरण घेऊ. १९७६पासून आपल्याकडे राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते, सरकारी दवाखान्यात फुकट होते. तरी दोन्ही डोळ्यांत मोती पिकलेली म्हातारी ओसरीवर बसून राहते. का? तिला दवाखान्यात न्यायला माणूस लागतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी मजुरी बुडवत नाही. 'आता या वयात कशाला,' असं घरचे म्हणतात, मग तीही म्हणू लागते. शस्त्रक्रियेच्या भीतीचं ती बोलतही नाही. तुमच्या शिबिराच्या रजिस्टरात तिचं नाव नसतं, कारण शिबिरात ती आलेलीच नसते. उपचाराची पुस्तकं तुमची पाठ आहेत. ही म्हातारी त्यांत नाही.

मीराबेन १९५९ साली भारत सोडून गेल्या. त्यांचा शेवटचा काळ ऑस्ट्रियात, बेथोव्हनच्या मुलखात गेला. १९८२मध्ये त्या तिथेच वारल्या.

तुमच्यातले काही जण पुढच्या शिक्षणाला जातील, जरूर जा. काही जण आष्टीला, कारंजाला, समुद्रपूरला प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतील. त्यांना माझी एक विनंती आहे. पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईला विचारा, या गावात घराबाहेर न पडणारी माणसं कोण कोण आहेत? तिला नावं तोंडपाठ असतात. मग ओपीडी आटोपल्यावर तिच्याबरोबर त्या घरांकडे निघा, आणि टॉर्च बरोबर घ्यायला विसरू नका.