पाखराचा वाटा, डुकराचा वाटा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



अमेरिकेत काही जमीनमालक हरणांसाठी मुद्दाम पेरा करतात. मका, सोयाबीन लावायचे आणि कापायचेच नाही. ऐकून हसू येते, कारण आपण न ठरवताच दरसाल रोही चारतो. पण त्यांचा हिशेब पाहा. हरीण पेऱ्यावर येते, हंगामात परवानाधारक शिकारी येतो आणि शिकारीच्या भाड्याचे पैसे मालकाला मिळतात. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. जनावराला राखण कायद्याची, चारा मात्र आपला. खाणावळीचे बिल पाठवायचे कुठे?

तरीही आम्ही आज पाखरांसाठी पेरा असे सांगायला उभे आहोत. दया म्हणून नाही, हिशेब म्हणून.

पऱ्हाटीच्या नऊ-दहा तासांनंतर एक तास राळ्याचे किंवा ज्वारीचे टाका. कणसावर बसलेले पाखरू शेजारच्या पऱ्हाटीवरची हिरवी बोंडअळीही टिपते. साळुंकी, कोतवाल यांना बसायला जागा हवी, एवढेच. हरभरा पेरताना बियाण्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळले की तीच धांडे घाटेअळीवर जिवंत पक्षीथांबे होतात. तास नको असेल तर एकरी आठ-दहा आडव्या काड्यांचे थांबे, पिकाच्या वर हात-दीड हात. ज्वारीत असे थांबे लावले असतील तर दाणा भरायला लागताच काढा, नाहीतर आपणच चोराला पाट मांडून दिला. आणि जहाल औषध फवारायचे असेल तर पाखरांना बोलावू नका. विषारी अळी खाऊन तेही मरते.

गुलाबी बोंडअळीवर मात्र पाखराचा भरवसा धरू नका. ती अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते, चोचीला सापडत नाही. 2017 साली तिने महाराष्ट्रात काय केले ते तुम्हाला सांगायला नको. तिच्यासाठी कामगंध सापळे आणि वेळेवर पऱ्हाटी उपटणे, हाच रस्ता.

आता ज्वारी. बायाबापड्या म्हणतात, पाखरांमुळे ज्वारी परवडत नाही. खरे आहे. पण पाखरे वाढली म्हणून नव्हे, ज्वारी घटली म्हणून. भोरड्यांचा थवा तोच. तो पूर्वी शेकडो एकरांत विखुरत होता, आता शिवारात दोन एकर ज्वारी उरली तर सगळा थवा त्या दोन एकरांवर उतरतो. शेजारच्याने पाहिले, त्यानेही सोयाबीन केले. गोफण घेऊन माळ्यावर बसणारा माणूसही मजुरीच्या भावात परवडत नाही. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की बैल गेला. म्हणून ज्वारी करायची तर गावाने एका पट्ट्यात, एकाच आठवड्यात पेरावी. सगळ्यांचे कणीस एकदम भरले तर वाटा प्रत्येकाच्या पदरी थोडा पडतो. आधी पिकणारे एकटे शेत सर्वांत जास्त मार खाते.

डुक्कर आणि रोही यांची गोष्ट वेगळी. काही लोक सुचवतात की जंगलाच्या कडेला त्यांच्यासाठी मका-ज्वारी पेरा, म्हणजे ती शेतात येणार नाहीत. आम्हाला हे पटत नाही. कडेला धान्याची चव लागलेले जनावर धुरा ओलांडायला किती वेळ घेईल? त्यांचे अन्न जंगलाच्या आत, आणि तेही गवताचे हवे. घाणेरी उपटून मारवेल, पवना, डोंगरी गवत वाढवायचे, उन्हाळ्यात पाणवठे भरलेले ठेवायचे. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे उठल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे झाली. हे काम होऊ शकते. गवताने डुकराचा प्रश्न पुरता सुटणार नाही, ते कंद उकरणारे जनावर आहे. पण रोही आणि हरणांचा भार नक्की हलका होईल. वन्यप्राणी देशाची संपत्ती असेल तर तिच्या चाऱ्याचा खर्च देशाने करावा, कोरडवाहूवाल्याच्या ताटातून नको.

कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या जनावराबाबत अधिकाऱ्याला परवानगी देता येते. नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. पण तक्रार वेळेत लेखी गेली नाही तर पंचनामाच होत नाही, आणि आपण तर सकाळी शेत पाहून नशिबाला शिव्या देत घरी येतो. तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. पहिला, कोणत्या गटात किती एकर ज्वारी एकत्र पेरणार त्याची यादी. दुसरा, गेल्या हंगामात डुकरांनी आणि रोह्यांनी कोणत्या तारखेला कोणाचे किती पीक खाल्ले त्याची नोंद, सरपंचाच्या सहीसह. वनखात्याकडे जायचे ते हे कागद घेऊनच.