पिकाची राखण आणि बंदुकीवरची दुर्बीण
(शेतकरी बांधवांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)

सोयाबीन घरात आले, तूर फुलोऱ्यात आहे, ज्वारी-हरभऱ्याची पेर उरकली. म्हणजे जागलीचे दिवस सुरू झाले. वाशी, भूम, कळंबच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांचा त्रास, तर तुळजापूर, परांड्याच्या माळावर हरणांचे कळप. रात्रीतून अर्धा एकर भुईमूग उकरून ठेवलेला पाहिला की कोणाचेही डोके फिरते. अशा वेळी गावात हटकून एक प्रश्न येतो, "साहेब, बंदुकीवर दुर्बीण बसवली की नेम चुकत न्हाई म्हंत्यात. कमी पैशात कोणती घ्यावी?"

या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे आहे. पण दुर्बीण कशावर बसवायची आणि तिच्यातून कोणावर नेम धरायचा, हे आधी पाहू. पैसे त्यानंतर.

पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळतो, ही गोष्ट खरी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी तरतूदच आहे. मात्र कायद्याने पिकाच्या राखणीला सांगितली आहे ती ठासणीची बंदूक. तेवढ्याने भागत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. या दोन्ही बंदुका जवळच्या माऱ्याच्या आहेत. बारा बोअरचे मोठे छरे ३०-४० वारांपर्यंत काम करतात, त्यापुढे ते पांगतात. चाळीस वारांवरचे डुक्कर पाहायला दुर्बीण कशाला हवी? नळीच्या टोकावरची माशी पुरते. उलट दुर्बिणीला डोळा लावला की भोवतालचा मुलूख दिसेनासा होतो. कळपातले दुसरे डुक्कर कोणत्या बाजूने येते आहे ते कळत नाही, आणि जखमी डुक्कर अंगावर येते हे आपल्याला सांगायला नको. बारा बोअरचा धक्काही दांडगा असतो. डोळा आणि दुर्बीण यांच्यात साडेतीन-चार इंच अंतर राहिले नाही, तर दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि भुवई फाटते.

राहिली छऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन. ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेली असेल तर तिला परवाना लागत नाही, म्हणून तरुण मंडळी ती घेतात आणि वर दुर्बीण लावतात. ही बंदूक पत्र्याच्या डब्यावर नेमबाजी शिकायला चांगली. पण रानडुकराच्या खांद्यावर कातड्याखाली जाड, चिवट थर असतो, त्यातून हा छरा काय जाणार? जनावर नुसते दुखावते, चवताळते आणि पहाटे पाणी धरायला आलेल्या माणसाला आडवे येते. शिवाय परवाना लागत नाही याचा अर्थ शिकारीला मोकळीक आहे असा नव्हे. एअरगनने मारलेला मोर किंवा हरणाचे पाडस ही कायद्याच्या नजरेत शिकारच आहे.

आता नेम कोणावर? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. काळवीट, मोर, लांडगा, तरस ही पहिल्या अनुसूचीतली जनावरे. काळवीट मारले तर ३ ते ७ वर्षे कैद आणि वर दंड. हिंदी सिनेमातल्या एका बड्या नटाला १९९८ सालच्या काळविटाच्या प्रकरणात जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ साली ५ वर्षांची शिक्षा सुनावली, हे आपण ऐकलेच असेल. तो वरच्या न्यायालयात गेला. आपल्याला तारखांना जायला एस.टी.चे भाडे आणि वकिलाची फी भागवायची म्हटली तर ज्वारीचे एक पीक त्यातच जाईल.

रानडुक्कर आणि नीलगाय आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर त्यांना मारण्याची लेखी परवानगी देण्याची सोय कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला वनअधिकारी देतो. अर्ज आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा. बंदुकीचा परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी, दोन्ही कागद हातात पाहिजेत. परवानगीने मारलेले डुक्करसुद्धा सरकारी मालमत्ता ठरते. ते घरी नेऊन वाटे घालता येत नाहीत. "मग मारून उपयोग काय?" असे कोणी विचारले, तर त्याचे लक्ष पिकावर नव्हते इतकेच समजावे.

एवढे सगळे कागद असले तरी रात्रीची गोळी हा जिवाशी खेळ आहे. आपल्या भागात शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने रात्रीची असते. मध्यरात्री कोणी तरी दारे धरून हरभऱ्यात वाकलेला असतो, अंगावर काळे घोंगडे असते. धनगरांची मेंढरे वावरात बसलेली असतात आणि वाघरीच्या कडेला माणसे झोपलेली असतात. ऊसतोड चालू असेल तर फडाच्या शेजारी कोप्या आणि त्यांत लेकरेबाळे. दुर्बिणीतून अंधारात दिसते ती एक काळी हलती आकृती. ती डुकराची की वाकलेल्या माणसाची, हे स्वस्तातली दुर्बीण सांगत नाही. अंधारातही दिसते म्हणून विकली जाणारी नवी यंत्रे निघाली आहेत. त्यांतल्या स्वस्त यंत्रात आकृती उजळते, पण वासरू, कुत्रे आणि हरिण यांतला फरक शंभर वारांवर नीट कळत नाही. आणि रायफल असेल तर गोळी तिथे थांबत नाही. साध्या पॉइंट टू-टू रायफलीची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आपला माळ सपाट, मागे गोळी अडवायला टेकाड नाही. पुढचे गाव किती अंतरावर आहे ते ज्याचे त्याने मोजावे.

आणखी एक सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तेव्हा झाडीत काय बसले आहे, याचा अंदाज आता आपल्या आजोबांच्या वेळेसारखा ठेवावा लागतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्याजवळ दुर्बिणीपुरते पैसे आहेत त्याने ते बंदुकीवर घालू नयेत. त्याच पैशात दोन डोळ्यांची, गळ्यात अडकवायची दुर्बीण आणि एक चांगली बॅटरी घ्यावी. कोणते जनावर, किती, कुठून शिरते हे कळले की राखणीचे अर्धे काम झाले. आणि या दुर्बिणीने चुकून कोणाचा जीव जात नाही.

ती निवडायची कशी? दुर्बिणीवर ८ x ४०, ७ x ५० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा म्हणजे जनावर किती पट जवळ दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. जो भागाकार येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, पन्नाशीनंतर ५ च्या आसपास राहते. म्हणून भागाकार ५ ते ७ असावा. ८ x ४० चा भागाकार ५ येतो, ७ x ५० चा ७ येतो. खिशात मावणारी ८ x २१ घेतली तर अडीचच्या जवळपास, म्हणजे दिवस मावळला की ती निकामी. पेठेत दुकानदार वीस पट, तीस पट दाखवून भुलवतात. पट जितकी जास्त तितका हात हलला की चित्र थरथरते आणि उजेडही कमी. दहाच्या वर जाऊ नये. मला विचाराल तर जागलीला ८ x ४० पुरे. ७ x ५० जास्त उजळ दाखवते, पण किलोभर वजन रात्रभर मानेला जाणवते.

दुकानात तीन गोष्टी तपासाव्यात. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याच्या भिंगात बघा, उजेडाचा ठिपका पुरता गोल दिसला पाहिजे. त्याच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतली काच हलकी आहे. पुढचे भिंग तिरके धरून बघा, त्यावर हिरवट-जांभळी झाक असावी. लालभडक आरशासारखे चमकणारे भिंग दिसायला झकास, पण ते उजेड परतवून लावते. मग बाहेर येऊन लांबच्या विजेच्या खांबाकडे मिनिटभर बघा. खांब दोन दिसले किंवा डोळ्यांना ताण पडला तर ती दुर्बीण परत द्यावी, कितीही स्वस्त असो. चष्मा असणाऱ्यांनी डोळ्याकडचे रबर दुमडते का तेही पाहावे.

बॅटरीचे एक गुपित आहे, ते सांगण्यासारखे आहे. हरिण, कुत्रे, कोल्हा, गाय यांच्या डोळ्यांत मागे एक चकाकणारा पडदा असतो, म्हणून उजेड पडला की डोळे लकाकतात. डुकराच्या डोळ्यांत तो पडदा नसतो. तेव्हा डोळे निखाऱ्यासारखे लकाकले तर ते डुक्कर नव्हे असे धरून चालावे. रात्री दुर्बिणीला डोळा लावताना बॅटरी दुसऱ्याने धरावी, आणि जागलीला दोघे असावेत हे त्यासाठीही बरे.

एवढे करून ज्याच्याजवळ परवान्याची बंदूक आहे, वनखात्याची परवानगी आहे आणि दुर्बीण बसवायचीच आहे, त्याच्यासाठी थोडक्यात. कायम ४ पटीची, ४ x ३२ घ्यावी. भागाकार ८ येतो, संधिप्रकाशाला पुरून उरतो. ३ ते ९ पटीची ४० मिलिमीटरची दुर्बीण नऊवर नेली की भागाकार साडेचारच्या खाली येतो, म्हणजे वरच्या पटीचे पैसे रात्री वाया. स्वस्त दुर्बिणीत हलणारे भाग जितके कमी तितकी ती टिकते. दुर्बिणीपेक्षा पकड, म्हणजे माउंट, जास्त महत्त्वाची. ती ढिली असली तर महागड्या दुर्बिणीचाही नेम प्रत्येक बाराला वेगळा. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्याने रायफलीची चांगली दुर्बीणही खिळखिळी होते. तिच्यावर एअरगनसाठीच बनवलेली लागते. आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीतून "काय आहे ते बघू" म्हणून कधीही पाहू नये. तिच्यातून पाहणे म्हणजे नळी रोखणे. बघायचे असेल तर गळ्यातली दुर्बीण आहे.

राखणीचे बाकीचे उपाय आपल्याला ठाऊक आहेत, त्यांतले दोनच सांगतो. संध्याकाळी बांधावरून फेरी मारून डुकरांची वाट शोधा. ते बहुधा ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीतून किंवा शेजारच्या उसातून ठरलेल्या जागीच शिरतात. सौर कुंपण करायचे तर पहिली तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवी, कारण डुक्कर बहुधा खालून घुसते. तारेला गवत लागू देऊ नका, नाही तर झटका जमिनीत जातो. जंगलालगतच्या गावांना वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणाला अनुदान मिळते, वनरक्षकाला विचारावे. ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईची काटेरी तासे घालायची जुनी रीतही सोडू नये.

मात्र कुंपणात घरची किंवा मोटारीची लाईट सरळ सोडणे, खाद्यात गावठी बॉम्ब ठेवणे हे कोणी करू नये. सौर यंत्राचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून पळते. तारेतली सरळ लाईट माणसाला सोडत नाही, आणि पहाटे त्या तारेवर पहिला पाय बहुतेक घरच्याच माणसाचा पडतो.

नुकसान झालेच तर भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत उकरलेले पीक तसेच राहू द्यावे, पायांचे ठसे तुडवू नयेत. सातबारा जोडावा, अर्जाची पोच घ्यावी आणि पंचनाम्याला वनखात्याच्या माणसाबरोबर कृषी सहायक व तलाठी आले आहेत ना ते पाहावे.

आणि घेतलेली दुर्बीण पावसाळ्यात खुंटीला टांगून ठेवू नका. दमट हवेने भिंगाला आतून बुरशी धरते आणि ती पुसता येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत ओल शोषायला येणाऱ्या खड्यांच्या चार पुड्या टाकून ठेवावी. भिंग धोतराच्या सोग्याने पुसू नये. आधी फुंकर मारून धूळ उडवावी, मग धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसावे.