ओळखीपोटी दिलेली गोळी

(मावळ तालुक्यात चार दशके औषध दुकान चालविलेल्या एका ज्येष्ठ औषधविक्रेत्याने लोणावळा येथे पालक आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

व्यसनमुक्ती या विषयावर बोलण्यासाठी सहसा डॉक्टरांना बोलावतात, पोलीस अधिकाऱ्यांना बोलावतात. माझ्यासारख्या दुकानदाराला असे निमंत्रण क्वचितच मिळते. संयोजकांनी विचारले, तेव्हा मी त्यांना एवढेच म्हणालो, "उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. कबुली द्यायची असेल, तर येतो." त्यांनी ते मान्य केले, म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे.

२००९-१०च्या सुमाराची गोष्ट. आमच्या आळीतील एका वहिनींचे यजमान अचानक गेले. रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी त्यांना अल्प्राझोलामची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. पंधरा दिवस संपले. वहिनी तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा आल्या, मी गोळ्या दिल्या. पुढच्या महिन्यात चिठ्ठी घरी राहिली होती, तरीही दिल्या. घरोब्याचा संबंध, त्यांना नाही कसे म्हणायचे? वर्षभराने त्यांचा मुलगा येऊ लागला. "काका, आईची गोळी द्या." बारावीत शिकणारा गुणी पोरगा. आधी एक पट्टी नेई, मग दोन नेऊ लागला. माझ्या ते लक्षात आले होते. मी विचारले मात्र नाही.

एके दिवशी वहिनी स्वतः आल्या. म्हणाल्या, "भाऊ, महिन्याला किती गोळ्या नेतो हो आमचा मुलगा?" मी वही काढली. महिन्याला साठ गोळ्या जात होत्या. वहिनी घेत होत्या तीस. उरलेल्या तीस कोण घेत होते, हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळले. वहिनींनी घरी जाऊन सगळ्या गोळ्या कुलूपबंद केल्या. आणि तिसऱ्या दिवशी त्या मुलाला झटका आला.

पुण्यात उपचार झाले, मुलगा सावरला. आज तो नोकरी करतो, त्याचा संसार आहे. परंतु त्या माऊलीने मला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता, तर मन हलके तरी झाले असते. तिला मी गोळ्या दिल्या, त्या लोभापोटी नव्हे. एका पट्टीत मला मिळणारे ते किती? दिल्या त्या ओळखीपोटी. आज मला जे सांगायचे आहे, ते याच ओळखीविषयी.

औषध आणि व्यसन यांतील अंतर

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दारूचा गुत्ता येतो, गांजा येतो, अलीकडे मेफेड्रोन येते. २०२४ साली याच पुणे जिल्ह्यात, दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला आणि मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला, ते आपण सर्वांनी वाचले आहे. अशी बातमी वाचताना आपल्या मनात येते, हे सारे कोणा दुसऱ्याच्या घरात घडते आहे. परंतु काही व्यसने कारखान्यातून किंवा चोरवाटेने येत नाहीत. ती रीतसर बिलासह, डॉक्टरांच्या सहीने घरात येतात आणि देवघराशेजारच्या कपाटात ठेवली जातात.

झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडोलसारखी वेदनाशामके ही यांतली प्रमुख नावे. ही औषधे वाईट नाहीत. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, योग्य काळापुरती दिली तर ती वरदान आहेत. पण शरीराला त्यांची सवय होते. आठवडे उलटले की तीच मात्रा पुरेनाशी होते. झोपेच्या गोळ्यांच्या बहुतेक जाती दोन ते चार आठवड्यांपलीकडे नियमित घेऊ नयेत, असे वैद्यकशास्त्र सांगते. कोडीनचे शरीरात गेल्यावर काही अंशी मॉर्फिन होते, हे किती पालकांना ठाऊक आहे? आणि झोपेची गोळी दारूसोबत घेतली, तर श्वास मंदावून माणूस झोपेतच दगावू शकतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय सल्ल्याविना गुंगीची औषधे घेणाऱ्यांची देशातील संख्या त्यात सुमारे १ कोटी १८ लाख नोंदवली आहे. अशा व्यक्तींची संख्या सर्वाधिक असलेल्या पहिल्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्र आहे. मालेगावात 'कुत्ता गोळी' आणि छत्रपती संभाजीनगरात 'बटन' या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे याच झोपेच्या आणि चिंताशामक औषधांचे रस्त्यावरचे रूप होय. पुण्यात तर व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना मेफेन्टरमाईनची इंजेक्शने बेकायदा विकणारे पकडले गेले. रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णासाठी असलेले हे औषध पोरे दंड फुगवण्यासाठी टोचून घेतात! बलोपासनेची परंपरा सांगणाऱ्या समाजाने याचा विचार करायला हवा.

कायदा आहे, पण...

कायदा नाही असे म्हणता येणार नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम आहेत. चिठ्ठीवर तारीख, सही, मात्रा हवी. पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर ते औषध दुसऱ्यांदा देता येत नाही. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही वेगळी अनुसूची अमलात आली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रामाडोल ही सारी त्यात आहेत. यांतले औषध देताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा स्वतंत्र नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची. २०१८ साली ट्रामाडोल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आणले गेले.

आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी २०११ नंतरच्या काळात चिठ्ठी, बिल आणि दुकानात फार्मासिस्टची प्रत्यक्ष उपस्थिती यांचा आग्रह धरला. तेव्हा आम्ही औषधविक्रेत्यांनी काय केले? आम्ही संतापलो. बंद पाळले. त्यांत मीही होतो. काही अडचणी खऱ्या होत्या. खेड्यापाड्यात फार्मासिस्ट मिळत नव्हता, हे खरेच आहे. पण आज मागे वळून पाहताना वाटते, वहिनींच्या मुलाची चिठ्ठी मागण्याची सक्ती माझ्यावर पाच वर्षे आधी कोणी केली असती, तर मी त्याचे उपकारच मानले असते.

गाव लहान, वाटा अनेक

लोणावळ्याचे वैशिष्ट्य आपण जाणता. शनिवार-रविवारी येथे गावाच्या कितीतरी पट माणसे उतरतात. "आम्ही मुंबईचे, गोळ्या घरी राहिल्या, एक पट्टी द्या" असे म्हणणारा गिऱ्हाईक उद्या पुन्हा दिसणार नसतो. त्याचे खरे-खोटे दुकानदाराने कसे ठरवायचे? दुसरीकडे तळेगाव-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत तीन पाळ्यांत राबणारा कामगार. रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोप लागत नाही, कंबर धरलेली असते. तो गोळी मागतो ती मजेसाठी नव्हे, उद्या कामावर उभे राहता यावे म्हणून. आणि तिसरा आमच्याच आळीतला, ओळखीचा. माझा अनुभव सांगतो, परक्याला नकार देणे सोपे असते. ओळखीच्याला नाही म्हणताना जीभ अडखळते.

पोलिसांनी आपल्या परीने काम केले आहे. लोणावळा उपविभागात २०२४ साली 'संकल्प नशामुक्ती अभियान' राबवले गेले, गांजाविक्रीवर कारवाया झाल्या. त्याबद्दल आपण त्यांचे कृतज्ञ असलो पाहिजे. परंतु पोलीस हातभट्टीवर छापा घालू शकतात. आजीच्या उशाखालच्या पाकिटावर कोण छापा घालणार? तेथे केवळ कुटुंब पोहोचू शकते, शेजार पोहोचू शकतो. व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारे काम कसे करावे, हे येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना मी शिकवण्याची गरज नाही.

दोन उदाहरणे

जेथे समाज गाफील राहिला, त्या अमेरिकेचे उदाहरण पाहा. तेथे १९९६ साली 'ऑक्सिकॉन्टिन' नावाचे प्रभावी वेदनाशामक बाजारात आले. त्याची सवय लागण्याचा धोका कमी असल्याचे कंपनीने डॉक्टरांना पटवले. पुढे २००७ आणि २०२० साली त्या कंपनीला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. तोवर लक्षावधी घरे पोळली होती. चिठ्ठीवरच्या गोळीने ज्यांना सवय लागली, त्यांच्यातले अनेक पुढे हेरॉईनकडे आणि फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात तेथे अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मरण पावली. धनाने, विज्ञानाने संपन्न असा तो देश!

आणि जेथे समाज जागा झाला, ते उदाहरण आपल्या पुण्याचे. ऐंशीच्या दशकात 'गर्द'ने मुंबई-पुण्यातील तरुण पिढीला विळखा घातला. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व मदतीला पुढे आले. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. एका लेखकाची लेखणी, एका साहित्यिकाचे दातृत्व, एका डॉक्टरची तळमळ आणि सरकारी जागा एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली ही संस्था अनिताताई १९९७ साली गेल्यावरही थांबली नाही. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेले. विचारांचे मतभेद कोणाचे कोणाशी असतील. पण व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे आणि त्याच्यासोबत त्याच्या कुटुंबालाही उपचारांची गरज असते, हे मराठी समाजाला या घराने शिकवले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

मोठ्या योजना सांगणे सोपे असते. मी दुकानदार आहे, सुटी नाणी मोजणारा. म्हणून लहान गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आज रात्रीच करायची. घरातील औषधांचे कपाट उघडा. जुन्या, उरलेल्या, कोणाच्या आहेत ते ठाऊक नसलेल्या गोळ्या बाहेर काढा. ज्या चालू आहेत, त्या मोजा आणि कुलपात ठेवा. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे, ती डॉक्टरांच्या सल्ल्याविना घ्यायची नाही, हे मुलांना समजावून सांगा.

दुसरी, आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका. "मला गुण आला, तूही घेऊन बघ" हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने म्हटले जाते. चटणी-लोणचे शेजारी द्यावे. झोपेची गोळी देऊ नये.

तिसरी, दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नका. "एवढी वर्षे येतोय, ओळखत नाही का?" असे ऐकवू नका. जो चिठ्ठी मागतो, तोच तुमचा खरा हितचिंतक. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे : 'एच-१'ची वही निरीक्षकासाठी भरू नका, आपल्या आळीतल्या पोरांसाठी भरा. एकाच घरातून मागणी वाढताना दिसली, तर विचारा. मी विचारले नाही, त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली.

चौथी, झोप न येण्याच्या मुळाशी जा. याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामची स्थापना केली आणि योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर तपासण्याचा मार्ग दाखवला. त्यांच्या गावाने निदान रात्री वेळेवर दिवे मालवायला, चालायला, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकावे. परंतु याचा अर्थ योग आला म्हणून औषध फेकून द्यावे, असा कोणी घेऊ नये. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते, हे वहिनींच्या घरी मी पाहिले. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते.

आणि याची दुसरी बाजूही विसरू नका. कर्करोगाच्या असह्य वेदना भोगणाऱ्याला मॉर्फिन लागते, मानसिक आजाराच्या रुग्णाला नियमित औषध लागते. त्यांच्याकडे संशयाने पाहणे हे पाप आहे. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांना औषध सुलभ व्हावे, म्हणून तर २०१४ साली अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली.

पाचवी आणि शेवटची, कोणाच्या घरात हे घडलेच, तर ते झाकू नका. आपल्या मध्यमवर्गीय घरांत अब्रूचे भय फार. 'लोक काय म्हणतील' या भयाने उपचार दोन-दोन वर्षे लांबतात. केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य मदतवाहिनी आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कायद्यातही संरक्षणाची तरतूद आहे. आणि शेजाऱ्याच्या घरी असे घडले, तर कुजबुजू नका. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा.

बंधू-भगिनींनो, ओळखीने मी एका घराचे नुकसान केले, असे मी सुरुवातीला म्हणालो. पण तो मुलगा वाचला, तोही ओळखीनेच. झटका आला त्या रात्री आळीतली चार माणसे उठली, कोणी गाडी काढली, कोणी पैसे दिले, कोणी वहिनींपाशी बसून राहिले. गाडीत त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. ओळख तीच होती. गोळी मागायला आला, तेव्हा ती मी चुकीच्या कामी लावली. त्या रात्री ती योग्य कामी लागली. मावळच्या गावागावांत अजून ही ओळख शिल्लक आहे. ती नकार देण्यासाठी वापरू या आणि नकार दिल्यावर त्या घराची पायरी चढण्यासाठीही वापरू या.

गेल्या वर्षी तो मुलगा आपल्या लहान मुलीला घेऊन दुकानात आला होता. तिला ताप होता. काहीही न विचारता त्याने चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी तारीख पाहिली, सही पाहिली, मगच औषध दिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.