ओल नेमकी कुठली?

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आणि आमचा पंचवीस वर्षांचा शेजार. तरी वर्षभर आम्ही जिन्यात एकमेकांकडे बघतही नव्हतो. त्यांच्या पॅसेजच्या छतावर ताटाएवढी ओल आली होती, आणि ती आमच्याकडची आहे हे मला मान्य नव्हतं.

तरी मी बाथरूमच्या फरशांच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून घेतलं. डाग वाढतच राहिला. एका ठेकेदारानं तर सगळं बाथरूम फोडायचा सल्ला दिला. मग एके दिवशी काकूंकडे छताचा पोपडा पडला आणि आतली गंजलेली सळई दिसली. तेव्हा मात्र मी घाबरलो. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते.

शेवटी एक वयस्कर प्लंबर आला. त्यानं छिन्नी बाहेरच काढली नाही. काकूंना विचारलं, "आंघोळी झाल्या की गळतं, की दिवसरात्र सारखंच?" काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. तारखांखाली पेन्सिलीनं नोंदी! मे महिन्यात आम्ही दहा दिवस गावाला होतो, तेव्हाही खाली ठेवलेलं पातेलं रोज तेवढंच भरत होतं.

"मग हे सांडपाणी नव्हे," तो म्हणाला. नहाणी ट्रॅपची किंवा फरशीच्या सांध्यांची गळती वापराबरोबर कमी-जास्त होते. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप मात्र घर बंद असलं तरी भरलेलाच असतो. म्हणजे माझं व्हाइट सिमेंट फुकट गेलं होतं.

त्यानं गार आणि गरम पाण्याच्या लाइनी वेगळ्या केल्या, तोंडांना बुचं लावली आणि हातपंपानं दाब दिला. गार लाइनीचा काटा हलला नाही. गरम लाइनीचा दहा मिनिटांत खाली आला. मग गिझर लावून तो भिंतीवर तळहात फिरवत बसला. एक टाइल कोमट लागली. आत लोखंडी पाइपाचा एल्बो कुजलेला होता. काकूंकडचा डाग तिथून चांगला सहा फूट लांब! स्लॅबवर पडलेलं पाणी उताराला वाहतं, वाट मिळेल तिथे खाली उतरतं. गरम पाण्याची सगळी लाइन सीपीव्हीसीची घातली आणि भिंत बुजवण्यापूर्वी पुन्हा दाब देऊन बघितला. हे शेवटचं काम घाईत राहून जातं, ते आवर्जून करून घ्या.

तुमच्याकडे पाण्याचा मीटर असेल, तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा. सकाळपर्यंत पाणी न वापरता तो पुढे गेला, तर कुठेतरी गळतंय.

काकूंचं छत दुरुस्त करून दिलं. रंग मात्र ओल पूर्ण वाळल्यावर, दोन महिन्यांनी. जाताना प्लंबरनं फ्लशच्या टाकीत जिलबीचा केशरी रंग टाकायला सांगितलं होतं. टाकला. अर्ध्या तासात, फ्लश न करताच, भांड्यात केशरी पाणी! तिथला वॉशर मी स्वतः बदलला. तो रंग काकूंकडूनच मागून आणला होता.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)