गाण्यावर हक्कसोड नको

(अकोला येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आई किंवा वडील गेल्यावर कलावंत बाई पुन्हा आपल्या कलेकडे कशी वळते, यावर बोला, असं मला सांगितलं तेव्हा मी जरा बिचकलेच. मी काही कलावंत नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि अमरावती-अकोल्याच्या गावांतून बचत गट, कायद्याची शिबिरं, रेशनचे अर्ज असलं काम करते. पण विचार करायला लागले तसं लक्षात आलं, की हा प्रश्न मी फार जवळून पाहिला आहे. आणि त्यात मी स्वतः चुकलेही आहे. तिथूनच सुरुवात करते.

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या एका गटात एक बाई आहे. नाव सांगत नाही. रोजमजुरी करते. निंदण, कापूस वेचणं, जे मिळेल ते. पण तिची गावातली ओळख मजूर म्हणून नाही, गाणारी म्हणून आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी पोरी तिच्याच अंगणात गोळा होतात. गाणं ती उचलते, मागे पोरी म्हणतात. आमच्या मोर्च्यातली निम्मी गाणी तिनंच जुन्या चालींवर बांधलेली. हे सगळं तिला तिच्या आईनं दिलं. आई अकोल्याकडच्या एका खेड्यात राहायची, शाळेचं तोंड न पाहिलेली, पण दळणाच्या ओव्या, भुलाबाई, लग्नातली गाणी, सगळं तोंडपाठ.

एका वैशाखात आई गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ही गावी परतून शेतात धसकटं वेचायला गेली. कोणी अडवलं नाही. तिचा भाऊ बँड पथकात क्लॅरिनेट वाजवतो. लग्नसराई होती. तोही त्याच आठवड्यात वरातीत वाजवायला गेला. त्यालाही कोणी अडवलं नाही. पोटाचं काम आहे, करावंच लागते, असं सगळे म्हणाले. बहिणीला मात्र त्यानं बजावलं, वर्षश्राद्ध होईपर्यंत गाणं नाही. लोक काय म्हणतील?

बघा बरं. आई दोघांची मेली. सूर दोघांकडे आहे. त्याचा सूर काम ठरला आणि तिचा सूर हौस ठरला. दुखवटा हौसेला असतो, कामाला नसतो. आणि बाईनं रोजानं केलेलं काम मात्र तिच्या दुःखातही कोणाला चालतं!

आता माझी चूक. पावसाळ्यात तालुक्याला आमचा रेशनचा मोर्चा होता. मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, 'चल, गाणं म्हण, तुझंही मन रमेल.' ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'ताई, तोंड उघडलं का मायचाच आवाज येते. मंग मी गाऊ कशी?' मी तरी आग्रह धरला. ती आली, दोन ओळी म्हणाली आणि भर रस्त्यात तिचा गळा दाटून आला. आम्ही घोषणा देत पुढे गेलो. परत येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही.

तिच्या भावानं तिला विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्याला घराची अब्रू राखायची होती, मला मोर्चा गाजवायचा होता. तिला काय हवं होतं, ते दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

तेव्हापासून मी या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहायला लागले.

पहिली बाजू. दुःखातही काम न सोडणाऱ्या पुरुषाला आपण काय म्हणतो? गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. १९२३ साली एकुलता एक मुलगा गेल्याची बातमी त्यांना कीर्तन चालू असताना कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला आपण वैराग्य म्हणतो. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले. त्याला आपण निष्ठा म्हणतो. १९९९च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरचे वडील, कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर, वारले. तो अंत्यविधीसाठी घरी आला, परत इंग्लंडला गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. सगळ्या देशाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला यांपैकी कोणालाही नावं ठेवायची नाहीत. त्यांचं मोठेपण मला मान्यच आहे. मी एवढंच विचारते, की आपल्या गावातली एखादी बाई आईच्या तेराव्याला भजनात खंजिरी घेऊन बसली, तर तिला वैरागी म्हणतील की निर्लज्ज?

दुसरी बाजू याच्या उलट आहे. जिच्या कलेवर घर चालतं, तिला थांबण्याचीच परवानगी नसते. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. लता साडेबारा वर्षांची, पाच भावंडांत थोरली. त्याच वर्षी ती मास्टर विनायकांच्या मदतीनं सिनेमात आली, 'पहिली मंगळागौर'मध्ये काम केलं. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं आपल्याला आवडत नसे, असं त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं आहे. पण त्या वयात वडिलांसाठी रडायला किती दिवस मिळाले असतील? तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. फड चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांत आपण हे विसरतो, की तिला विसाव्याचा हक्क नव्हता.

म्हणजे काय, तर एकीला सुरुवात करू देत नाहीत आणि दुसरीला थांबू देत नाहीत. दोन्हीकडे बाईचं दुःख तिच्या मालकीचं नाही. किती दिवस रडायचं, कधी पुरे करायचं, हे घर ठरवतं, जात ठरवते, पैसा ठरवतो. कधी कधी संघटनाही ठरवते.

मग बाई आपल्या कलेकडे परत येते ती कशी? मला मोगूबाई कुर्डीकरांची आठवण होते. गोव्यातल्या कुर्डी गावच्या, जन्म १९०४चा. लेकीनं गाणं शिकावं ही आईची ओढ. पण मोगूबाई लहान असतानाच आई गेली. पोरकी पोर नाटक कंपनीत राहिली. त्यांतली एक सातारकर स्त्री संगीत मंडळी, म्हणजे बायकांची कंपनी. पुढे अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली. नवरा वारल्यावर तीन मुलांना त्यांनी गाण्यावर वाढवलं आणि थोरल्या लेकीला, किशोरीला, समोर बसवून शिकवलं. आईनं लेकीच्या गळ्यात ठेवलेली इच्छा अशी तिसऱ्या पिढीत पोचली.

किशोरीताई ऐन तारुण्यात असताना त्यांचा आवाजच गेला होता. सुमारे दोन वर्षं गाता आलं नाही. त्या काळात त्यांनी गाण्याचा विचार केला आणि परतल्या तेव्हा त्यांचं गाणं बदललेलं होतं. थांबणं म्हणजे संपणं नव्हे, हे यातून मी शिकले. १० फेब्रुवारी २००१ रोजी मोगूबाई गेल्या. किशोरीताई तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. आई आणि गुरू एकाच दिवशी गेली. त्यानंतर सोळा वर्षं त्या गात राहिल्या. मार्च २०१७मध्ये दिल्लीत त्यांची मैफल झाली आणि ३ एप्रिलला त्या गेल्या. त्यांच्या मनातलं मला काय ठाऊक? पण इतकं कळतं, की जिनं सूर दिला ती गेली तरी सूर लेकीकडे राहतो. तो तिचा वारसा आहे.

आमच्या त्या बाईकडे परत येते. भाद्रपद आला. भुलाबाई तिनं मांडली नाही, शेजारणीकडे बसली. पण पोरींना गाणी येईनात. दोन ओळींनंतर अडायच्या. त्या हिच्याकडे आल्या. ही म्हणाली, गात नाही, नुसते शब्द सांगते. तीन संध्याकाळी तिनं भिंतीला टेकून शब्द सांगितले. चौथ्या दिवशी पोरींची चाल चुकली आणि हिला राहवलं नाही. तिनं ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. सासरचा जाच, माहेरची वाट, सगळं. कोणीतरी कुजबुजलं. तेव्हा तिची म्हातारी मावशी, जी मुद्दाम भेटायला आली होती, म्हणाली, 'गाऊ द्या तिले. तिच्या मायनंच तं शिकवलं.' मग पोरींनी नेहमीसारखी खिरापत ओळखायला घेतली.

भाऊ दिवाळीपर्यंत बोलला नाही. अजूनही तो पूर्ण निवळलेला नाही. पण त्या हिवाळ्यात तिनं एक काम केलं. आठवीतल्या लेकीला समोर बसवलं आणि आईची गाणी एकेक करून वहीत उतरवून घेतली. दोनशे पानी वही. पहिल्या पानावर आईचं नाव लिहायला लावलं. मला वही दाखवताना म्हणाली, 'मायचा आवाज आता मले भेव दाखवत नाही. संगं बसते.' मी तेव्हा तिची माफी मागितली.

मैत्रिणींनो, आई-बाप गेल्यावर आपल्याकडे काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तेरवी होते, बहिणीला लुगडं नेसवतात आणि हक्कसोडीच्या कागदावर सही मागतात. 'माहेर तुटंल' ही भीती घालतात. आईबापाच्या मिळकतीत मुलींचा वाटा १९५६च्या कायद्यानं आला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५च्या दुरुस्तीनं मिळाला. तरी सह्या होतातच. या बाईनंही सही केली होती. घर भावाला गेलं. तिच्या वाट्याला गाणी तेवढी आली, आणि त्यांच्यावरही तिनं हक्क सोडावा अशी अपेक्षा होती. ती हक्कसोड मात्र तिनं लिहून दिली नाही.

म्हणून आपल्या गटांपुढे मी चार गोष्टी ठेवते.

एक. दुःखातल्या बाईला 'गा' किंवा 'गाऊ नको' असं दोन्ही म्हणायचं नाही. तिला विचारायचं आणि तिच्या उत्तरासाठी थांबायचं.

दोन. आपल्या कार्यक्रमांत गाणारीला, भिंती रंगवणारीला, रांगोळी काढणारीला मानधन द्यायचं. आपणच तिच्या कलेला काम म्हटलं नाही, तर तिच्या भावाला कोणत्या तोंडानं सांगणार?

तीन. प्रत्येक गटानं आयांची गाणी उतरवून ठेवायची. जिची गाणी तिचं नाव, आणि वही तिच्याच घरी.

चार. सुतकाच्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही करायची नाही. आधी गटात वाचून घ्यायचा. वारसनोंदीत मुलींची नावं लागली का, हे तलाठ्याकडे जाऊन पाहायचं.

दीनानाथांच्या पुण्यतिथीला, २४ एप्रिलला, मंगेशकर कुटुंब दरवर्षी त्यांच्या नावानं पुरस्कार देतं, गाणं होतं. बापाच्या तिथीला गाणं झालं म्हणून तिथं कोणाला दोष लागत नाही. मग आपल्या आईच्या तिथीला आपल्या अंगणात ओवी झाली तर का लागावा?

यंदाच्या वर्षश्राद्धाला त्या अंगणात गाणं आहे. मला बोलावणं आलं आहे. या वेळी मी मागे बसून ऐकणार आहे.