दुनळी बंदूक आणि तिचे कारागीर



कामगार संघटनेच्या माणसाने जुन्या शिकारी बंदुकांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. बंदूक म्हटली की संस्थानिक, साहेब आणि भिंतीवरचे वाघाचे कातडे एवढेच डोळ्यांपुढे येते. ती घडविणारा येत नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते त्याच्याविषयी.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम शहरात सेंट मेरीच्या देवळाभोवती बंदूकवाल्यांची वस्तीच होती. नळी वळणारा वेगळा, तिचे छिद्र कातणारा वेगळा, दस्ता बसविणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. घोड्याची कळ पुष्कळदा वुल्व्हरहॅम्प्टन किंवा डार्लस्टनहून येई. मजुरी नगावर. आणि एवढे सगळे झाल्यावर बंदुकीवर नाव पडे ते दुकानदाराचे! लंडनच्या पर्डीसारख्या नामांकित पेढीच्या बंदुकांतदेखील वुल्व्हरहॅम्प्टनच्या ब्रेझरने केलेल्या कळी सापडतात.

नळीचे काम पाहण्यासारखे होते. लोखंड व पोलाद यांच्या कांबी एकत्र तापवून पिळावयाच्या, त्या पट्ट्या सळईभोवती वेटोळे घालून गुंडाळावयाच्या आणि तापवून ठोकून एकजीव करावयाच्या. यालाच दमास्कस नळी म्हणतात. तिच्याआधी घोड्यांच्या नालांचे जुने खिळे वितळजोड करून केलेल्या नळ्यांना मोठा मान होता. म्हणजे रस्त्यावर झिजलेले लोखंड उमरावाच्या खांद्यावर जाई.

आज अशी बंदूक हाती आली की हौशी माणूस ती चकचकीत करू पाहतो. येथे आमचे भांडण आहे. नळीचा तपकिरी रंग हा मुद्दाम चढविलेला गंज असतो. गंजवायचे, उकळत्या पाण्यात घालायचे, तारेच्या ब्रशाने खरवडायचे, पुन्हा गंजवायचे, असे कित्येक दिवस चालते. लोखंड आणि पोलाद निरनिराळा रंग धरतात, म्हणून पीळ उमटून दिसतो. पॉलिश कागदाने तो तासाभरात जातो. नळी आतून घासून खड्डे काढावेत तर जाडी कमी होते, आणि ठरलेल्या मापापलीकडे छिद्र वाढले की जुनी चाचणी रद्द! इंग्लंडात अशी बंदूक पुन्हा चाचणी करून घेतल्यावाचून विकणे गुन्हा आहे. हा नियम कागदी नव्हे. पातळ नळी फुटली तर बार काढणाऱ्याचा डावा हातच जातो.

ही चाचणी म्हणजे नेहमीपेक्षा जड बार भरून नळी उडवून पाहणे. त्यासाठी बर्मिंगहॅमचे चाचणीघर 1813 साली कायद्याने उभे राहिले. त्याचे शिक्के नळीच्या खालच्या अंगाला असतात. 'नॉट फॉर बॉल' हे शब्द दिसले तर नळीची चाचणी 1875 ते 1887 मधली समजावी. शिक्क्यांच्या शेजारी कधी कधी दोनच अक्षरे ठोकलेली दिसतात. ती नळी करणाऱ्याच्या नावाची. दुकानदाराचे नाव वर, सोन्यात. याचे खाली, लाकडाआड. डागडुजी करणाऱ्याची कानस प्रथम याच अक्षरांवर फिरते, कारण त्यांना बाजारात किंमत नाही.

त्या वस्तीचा बराच भाग 1960 नंतरच्या दशकात रिंगरोडखाली गेला. बॅनबरी स्ट्रीटवरचे चाचणीघर मात्र उभे आहे.